चांदा मुलखातील गुरुभक्ती आणि तिची चिकित्सा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्टीत, म्हणजे जुन्या चांदा मुलखात, गुरू, बुवा आणि महाराज यांच्या अधिकाराची पहिली मोठी जाहीर चिकित्सा झाली ती खंजिरीच्या तालावर. मुंबईत हे काम त्याआधी वर्तमानपत्राने आणि न्यायालयाने केले होते. करसनदास मूळजी यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला, जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८६२ मध्ये न्यायालयात गुरूच्या चारित्र्याची उघड उलटतपासणी झाली. पुण्यात १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको या भूमिकेवर. चांद्याच्या मुलखात त्या काळी लिहिता-वाचता येणारी माणसे मूठभर. तिथे गुरुपणाचा प्रश्न लेखातून उभा राहणे शक्यच नव्हते. तो उभा राहिला भजनात, प्रार्थनेत, आणि पुढे दवाखान्याच्या दारात.

हा मुलूख १७५१ पर्यंत गोंड राजांचा होता. नंतर नागपूरकर भोसले आले आणि १८५४ मध्ये इंग्रजी अंमल बसला. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले आणि १९८२ मध्ये त्याचा पूर्वेकडचा भाग तोडून गडचिरोली जिल्हा करण्यात आला. वैनगंगेच्या पलीकडच्या गोंड आणि माडिया गावांत गुरू नावाची संस्था मुळात नव्हती. गावाचा पेरमा किंवा भुमका पेरणीचा, नव्या पिकाचा, मृताचा विधी करी. त्याचे काम ठरलेले, मान ठरलेला, आणि तो स्वतःही इतरांसारखा नांगर धरणारा. त्याला शिष्य नसत, गादी नसे, त्याच्या पायाचे तीर्थ कोणी घेत नसे. आजारात बोलावला जाणारा पुजारी किंवा जाणता हा त्याहून वेगळा. पण त्याचाही अधिकार रोगी बरा होण्यापुरता असे. सलग चार रोगी दगावले तर गाव दुसऱ्या पुजाऱ्याकडे जाई.

आजार आणि देव यांची सांगड मात्र इथे फार जुनी आहे. चांदा शहराच्या स्थापनेची आख्यायिकाच रोगमुक्तीची आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपट नदीकाठच्या पाण्याने त्या गेल्या आणि तिथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, असे सांगतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाडा आणि तेलंगणातून येणारे भाविक त्याच झरपटमध्ये आंघोळ करतात. या आख्यायिकेत पाणी आहे, देव आहे, राजा आहे, गुरू नाही.

गुरू आला तो पश्चिमेकडून, वर्धा नदीच्या खोऱ्यातून सरकत आलेल्या शेतकरी वस्तीबरोबर आणि तिच्या भजनी मंडळांबरोबर. वारकरी, महानुभाव, नाथ असे सगळे प्रवाह वऱ्हाडात होते आणि त्यांच्याबरोबर गुरुपरंपरेचा सारा सरंजामही होता: कानमंत्र, पादुका, चरणतीर्थ, गुरुपौर्णिमेची दक्षिणा, गादीचा वारस. मराठी संतपरंपरेत या सरंजामावरची टीकाही आतूनच आलेली आहे. ज्ञानेश्वरांनी निवृत्तिनाथांचे स्तवन भरभरून केले, तर तुकारामांनी वेषधारी संतांची सालटी काढली. आणि त्या तुकारामांना गुरुमंत्र मिळाला तोही स्वप्नात, असे परंपरा सांगते. गुरूचे माहात्म्य आणि गुरूची थट्टा ही दोन्ही एकाच भजनात गायली जाण्याची सवय मराठी कानाला शतकानुशतकांची आहे. चांद्याच्या मुलखात विसाव्या शतकात जे घडले ते या सवयीवाचून घडले नसते.

ज्यांच्या नावाशी हा इतिहास जोडलेला आहे ते तुकडोजी महाराज स्वतः एका गुरूचे शिष्य होते. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिले. आडकोजी १९२१ मध्ये वारले, तेव्हा शिष्य बारा वर्षांचा होता. पुढची काही वर्षे त्याने रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा इथल्या जंगलात काढली. यांपैकी गोंदोडा चिमूर तालुक्यात आहे. तिथली गुंफा ही आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते आणि माघात तिथे यात्रा भरते. जंगलातून बाहेर आलेल्या या पोरसवदा साधूभोवती चिमूरच्या परिसरात गर्दी जमू लागली आणि गर्दीबरोबर चमत्काराच्या गोष्टीही आल्या. बुवा होण्यासाठी लागणारे सगळे साहित्य विशीच्या आत त्याच्यापुढे तयार होते: मेलेला गुरू, रानातले तप, गोड गळा, भोळा मुलूख.

तो त्या वाटेने गेला नाही, हे त्या चरित्रातले खरे वळण. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम निघाला. १९३६ मध्ये गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावले आणि ते तिथे सुमारे महिनाभर राहिले. गावोगाव आधी जी मंडळे निघाली होती त्यांचे नाव आरती मंडळ होते. चाळीसच्या दशकात त्यांची पुनर्रचना होऊन श्रीगुरुदेव सेवामंडळ हे नाव आले. आरतीच्या जागी सेवा हा बदल नुसता पाटीवरचा नव्हता. मंडळाच्या कार्यक्रमात ग्रामसफाई, रामधून, सामुदायिक ध्यान, सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन अशी रोजची शिस्त होती. तिच्यात कोणाच्या पायावर डोके ठेवण्याला वेळ ठेवलेला नव्हता.

या प्रार्थनेची मांडणी पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी माणसे रांगा धरून बसतात. बायका-पुरुष, सवर्ण-दलित, जमीनदार-मजूर यांना एकच सतरंजी. समोर एक आसन मांडलेले असते, त्यावर पांढरे वस्त्र, मागे लोड, शेजारी उदबत्ती. त्या आसनावर मूर्ती नसते आणि माणूसही बसत नाही. त्याला अधिष्ठान म्हणतात. ‘गुरुदेव’ हा शब्द तुकडोजींनी असा वापरला की तो कोणा एका देहाला लागू होऊ नये. गुरू म्हणजे तत्त्व, ते सगळ्यांच्या ठायी आहे, म्हणून नमस्कार गादीला करायचा आणि गादी मोकळी ठेवायची. पारंपरिक गुरुभक्तीला इतके थेट आणि इतके कमी दुखावणारे उत्तर महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. गुरूला नाकारले असते तर गाव उठून गेले असते. इथे गुरूचा मान तसाच राहिला आणि तो घेणारा माणूस तेवढा उठवला गेला.

याच माणसाच्या शब्दावर १९४२ मध्ये चिमूर पेटले, ही या इतिहासातली अवघड जागा आहे. त्या पावसाळ्यात तुकडोजींची भजने या भागात घुमत होती आणि त्यांत परक्या सत्तेविरुद्ध उठण्याची भाषा होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात प्रभातफेरी निघाली. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा ठार झाला. संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले. नंतर आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. तुकडोजींना २८ ऑगस्टला चांद्याला अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले आणि डिसेंबरमध्ये सुटका झाली. भजन ऐकून उठणारे गाव हे विचाराने उठले की भक्तीने, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडण्याचे कारण नव्हते. पण गुरूच्या शब्दाचे वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाच्या शब्दालाच हे वजन आले होते, एवढे तरी चिमूरने दाखवून दिले. आज्ञापालनाची सवय देशासाठी वापरली गेली तरी ती सवयच राहते.

तुरुंगानंतरचे तुकडोजी संघटनेकडे आणि ग्रंथाकडे अधिक वळलेले दिसतात. १९५५ च्या अखेरीस ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ओवीबद्ध, ४१ अध्यायांची आणि ग्रामदेवतेला म्हणजे गावालाच अर्पण केलेली. पोथी हा प्रकार गुरुचरित्राच्या पारायणामुळे घराघरांत ठाऊक होता. त्याच साच्यात त्यांनी गावाचे आरोग्य, शेणखत, लग्नातला खर्च, दिवसकार्य, वेठ आणि शिक्षण हे विषय भरले. ‘संत-चमत्कार’ या अध्यायात चमत्कार हे संतत्वाचे लक्षण नाही, तसले प्रकार गारुडीही करतो, असा युक्तिवाद आहे. संताची पारख त्याने गावाला काय शिकवले यावर करावी असे तो अध्याय सांगतो. ‘प्रारब्धवाद’ या अध्यायात नशिबाला बोल लावून बसणाऱ्यांचा समाचार आहे. ज्या श्रोत्यांना हे सांगायचे ते पोथीवर गंध-फूल वाहूनच ती उघडणार, हे लेखकाला पक्के माहीत होते. म्हणूनच ही रचना पोथीची.

गुरुकुंजाला गादीचा वारस नेमला गेला नाही. तुकडोजी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी वारले आणि कारभार मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे राहिला. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थानांत वारसावरून कोर्टकज्जे होतात, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट लहान नाही. चंद्रपूर जिल्ह्यात त्यांचे अनुयायी तुकारामदादा गीताचार्य यांनी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर ग्रामगीतेच्या आधारे श्रम आणि स्वावलंबन यांचा प्रयोग चालवला. पूर्व विदर्भात आज गाव तिथे सेवामंडळ अशी स्थिती आहे आणि ‘जय गुरू’ हा रस्त्यावरचा नमस्कार झाला आहे. तरी पुष्कळ ठिकाणी त्या मोकळ्या अधिष्ठानावर आता तुकडोजींचा फोटो ठेवलेला आढळतो. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत लाखांच्या समुदायाची मौन श्रद्धांजली होते. आसन रिकामे ठेवायला सांगणाऱ्याचाच फोटो त्या आसनावर यावा, हा अनुयायांचा दोष म्हणता येईल. पण माणसाला चेहरा लागतो, हेही तितकेच खरे.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाच प्रश्न खराट्याने सोडवला. त्यांनी शिष्य केला नाही, पाया पडू दिले नाही, आणि जो पाया पडायला वाके त्याला काठीचा प्रसाद मिळे. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देव नवसाला पावतो का, कोंबडे-बकरे मागतो का, कर्ज काढून तीर्थ करावे का, असा तो उलटतपास असे. धर्मशाळा आणि आश्रमशाळा यांचे विश्वस्त त्यांनी नेमले, पण आपल्या नातेवाइकांना त्यापासून लांब ठेवले. तुकडोजी आणि गाडगेबाबा यांचे एकमेकांशी जिव्हाळ्याचे संबंध होते. एकाने प्रार्थनेची शिस्त दिली, दुसऱ्याने प्रश्न विचारण्याची. चांद्याच्या मुलखात पहिली जास्त रुजली.

तिसरी वाट गुरुपरंपरा दुरुस्त करण्याची नव्हती, ती सोडून जाण्याची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला दीक्षा समारंभ झाला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे मूळचे चंद्रपूरचे, समारंभामागे त्यांची खटपट होती. नागपूरखेरीज आंबेडकरांच्या हस्ते असा समारंभ झालेले चंद्रपूर हे शहर आज दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाते. बुद्ध हा मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नाही, ही आंबेडकरांची मांडणी गुरुभक्तीच्या मुळावर घाव घालते. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात, धर्मात भक्ती मुक्तीकडे नेईलही, पण राजकारणात ती अधोगती आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला होता. सोळा ऑक्टोबरच्या त्या चंद्रपुरी समुदायातल्या हजारो कुटुंबांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हा देवाबरोबर गावातला देवरशीही त्यांच्यापुरता संपायला हवा होता. तो सगळीकडे संपला नाही. त्याचे कारण धर्मात शोधण्यापेक्षा आजारपणात शोधावे लागते.

जंगलपट्टीत तापाला, सापाला आणि बाळंतपणाला उत्तर देणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकच होता. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. अशा गावात रात्री कोणाला साप चावला तर पुजारी हाकेच्या अंतरावर असतो. तो कडुलिंबाचा पाला फिरवतो, तांदूळ टाकून कारण पाहतो, उतारा सांगतो. बिनविषारी साप असेल तर रोगी बरा होतो आणि पुजाऱ्याचे नाव होते. विषारी असेल तर उशीर झाला होता असे म्हटले जाते. या हिशेबात पुजाऱ्याला तोटा नसतो. श्रद्धा आंधळी आहे असे बाहेरचा माणूस म्हणतो, पण गावाने इतर मार्ग पाहून, तोलून हा निवडलेला नसतो. दुसरा मार्ग दिसलेलाच नसतो.

म्हणून या मुलखातली बुवाबाजीची सर्वांत परिणामकारक चिकित्सा व्याख्यानाने झाली नाही. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे यांनी काही कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. ‘बाबा’ हे त्यांचे घरातले लाडाचे नाव होते, साधुत्वाची पदवी नव्हती. कुष्ठरोग म्हणजे मागल्या जन्मीचे पाप, हा समज त्यांना खोडून काढायचा होता, आणि त्यांनी तो विहीर खोदणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या, हातमाग चालवणाऱ्या रुग्णांच्या हातांनी खोडला. मागणाऱ्याला दान देऊन पुण्य मिळते हा गुरुभक्तीचा दुसरा आधार. तोही आनंदवनात ढासळला, कारण तिथे भीक घ्यायला कोणी उभा नव्हता. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दहन न करता जमिनीत पुरण्यात आला. आज ती जागा श्रद्धावन या नावाने ओळखली जाते आणि तिथे येणारा बहुतेक पाहुणा हात जोडतो.

बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ पासून हेमलकशात काम सुरू केले, तेव्हा रुग्ण येत नव्हते. माडिया भाषा येत नव्हती, शर्ट-पँटवाल्या माणसाची भीती होती आणि पुजाऱ्यावर विश्वास होता. पुजाऱ्याने सोडून दिलेले रुग्ण आधी आले, ते बरे झाले आणि मग इतर येऊ लागले. पुजाऱ्याशी भांडण काढले असते तर हे झाले नसते. १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा धडा आणखी पुढे नेला. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनी आदिवासींनाच विचारले, त्यांच्या सांगण्यावरून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर बांधला आणि त्याला मा दंतेश्वरीचे नाव दिले. देवीचे नाव दवाखान्याला देणे हे विवेकवाद्याला पटणार नाही. पण देवी रुग्णाला पुजाऱ्याच्या दारातून डॉक्टरच्या दारात आणत असेल तर नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही, असा त्यामागचा व्यवहार होता. ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला आणि न्यूमोनिया व जंतुदोष ओळखून औषध द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. बाळ दृष्ट लागून मेले, करणीने मेले, असे म्हणण्याचे प्रसंगच त्या प्रमाणात कमी झाले. कुठल्याही बुवाला इतका मोठा धक्का एखाद्या सभेने दिल्याची नोंद नाही.

संघटित अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ विदर्भात नागपूरहून आली. श्याम मानव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ ची. हातातून अंगारा काढणे, जिभेतून त्रिशूळ आरपार घालणे, निखाऱ्यावरून चालणे हे प्रयोग कार्यकर्ते आधी करून दाखवत आणि मग त्यामागची युक्ती सांगत. ही पद्धत तुकडोजींच्या गारुड्याच्या युक्तिवादाला फार जवळची आहे. फरक एवढाच की तुकडोजींनी तो देवाच्या नावाने मांडला आणि यांनी विज्ञानाच्या. पूर्व विदर्भात या समित्यांचे कार्यकर्ते आणि सेवामंडळाचे प्रचारक अनेकदा एकाच व्यासपीठावर दिसतात, ते यामुळेच. सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराजांच्या प्रबोधनात तर खंजिरी तुकडोजींची, प्रश्न विचारण्याची रीत गाडगेबाबांची आणि बुवांवरचा मारा समितीच्या कार्यकर्त्याचा. त्यांनाही लोक महाराजच म्हणतात. या मुलखात बुवाबाजीवर बोलायचे तर आधी महाराज व्हावे लागते की काय, अशी शंका यावी इतकी ही गोष्ट नेहमीची आहे.

झाडीपट्टी रंगभूमीनेही हा विषय आपल्या पद्धतीने हाताळला. धानाची कापणी आटोपली की वडसा म्हणजे देसाईगंज येथून नाटक कंपन्या निघतात, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतात. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले कुरखेडा तालुक्यातील कलावंत परशुराम खुणे यांच्या गाजलेल्या नाटकांत ‘मरीमायचा भुत्या’ आहे. देवरशी, भुत्या, बुवा ही पात्रे मंडपात आली की प्रेक्षक पोट धरून हसतात. त्यांतला एखादा दुसऱ्या दिवशी आजारी पोराला घेऊन त्याच देवरशीकडे जातोही. हसण्याने गरज भागत नाही.

अंधश्रद्धाविरोधी कायद्याची मागणी नव्वदीच्या दशकापासून होती. मसुद्यात अनेकदा फेरफार झाले, वारकरी आणि इतर संघटनांनी त्याला आक्षेप घेतले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाल्यावर अध्यादेश निघाला. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूर केला. किमान सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. नरबळी, गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये, करणीचा आरोप करून एखाद्याला त्रास देणे, अतींद्रिय शक्तीचा किंवा अवताराचा दावा करून फसवणे वा शोषण करणे, आणि साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, ही त्यांतली काही. हे शेवटचे कलम वाचताना मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गडचिरोलीसारखा जिल्हा असावा असे वाटते.

कायद्यानंतरही या दोन जिल्ह्यांतून आलेल्या बातम्या भीषण आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील खंडाळ्यात दोन वर्षांच्या बालकाची गुप्तधनाच्या लालसेने हत्या झाल्याचे उघडकीस आले. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे दलित कुटुंबांतील सात जणांना जादूटोण्याच्या संशयावरून भर चौकात बांधून मारण्यात आले. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाड्यात एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयाने मारहाण करून जाळण्यात आले आणि पंधरा जणांना अटक झाली. या घटना गुरुभक्तीच्या नाहीत असे म्हणता येईल. पण अमुक माणसाला न दिसणारे दिसते आणि त्याने बोट दाखवले की विचारायचे नाही, हा जो समज त्यांच्या मुळाशी आहे, तोच समज मोठ्या गादीपुढेही डोके टेकवतो.

मोठ्या गादीचे काय होते ते जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात दिसले. बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांनी तिथे दिव्य दरबार भरवला. समोर आलेल्याच्या मनातले ओळखून चिठ्ठीवर लिहिण्याचा दावा होता. श्याम मानव यांनी तो आपल्या समितीच्या अटींवर सिद्ध करण्याचे ३० लाख रुपयांचे आव्हान दिले आणि कायद्याखाली तक्रारही केली. नागपूर पोलिसांनी चित्रफिती पाहून गुन्हा होत नाही असे कळवले. कायद्याने कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, आणि वारकऱ्यांचे आक्षेप दूर करण्यासाठी ते आवश्यकही होते. पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला आहे की हा कायदा कोंबडे कापणाऱ्या, लिंबू मारणाऱ्या, बहुधा स्वतःही दारिद्र्यात असलेल्या गावच्या मांत्रिकापर्यंत लवकर पोहोचतो. ज्याच्यामागे न्यास, वकील, दूरचित्रवाणी आणि लाखांची गर्दी आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला त्याला अजून वाट सापडलेली नाही.